परत केलेले पेढे

माझं शिक्षण चौथी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी चुका काढत बसायला नको. वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मामा, दवाखान्यातल्या आठवणी लिहा. आम्ही नीट करून घेऊ." मी म्हटलं, "लिहितो, पण नीट करायचं नाही. आहे तसं छापणार असाल तर पानं ठेवा." त्यांनी मान डोलावली. आता छापून येईल तेव्हा बघू.

कर्जतजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी लिव्हरच्या ओपीडीच्या दारावर होतो. पगारपत्रकात 'मदतनीस', पण सगळे मला मामाच म्हणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा मामा म्हणायचे. काम ऐकायला सोपं. केसपेपर लावायचे, नाव पुकारायचं, वजन करायचं, रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या आणि डॉक्टर मॅडमच्या खोलीत एका वेळी एकच पेशंट जाईल हे बघायचं. या शेवटच्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा एक पुढारी चार माणसं घेऊन आत घुसायला लागले. मी आडवा झालो. म्हटलं, "साहेब, लिव्हर एकाचंच दाखवायचंय ना? मग एकच आत." तक्रार झाली. मॅडमनी ती वाचली, हसल्या आणि खणात टाकली.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येरझाऱ्या घालणारे पेशंट म्हणजे 'सी' काविळीचे. आपली नेहमीची कावीळ वेगळी, ती डोळे पिवळे करून आल्याची वर्दी देते. ही 'सी' तशी नाही. ती रक्तातून येते. कधीकाळी न उकळलेली सुई लागली असेल, दुसऱ्याच्या वस्तऱ्याचं पातं लागलं असेल, जुन्या काळात रक्त चढवलं असेल. ती लिव्हरमध्ये गपचूप वर्षानुवर्षं बसून राहते. माणसाला पत्ताच नसतो. कुणी रक्तदानाला जातो, कुणी मुतखड्याच्या ऑपरेशनला, आणि रक्त तपासलं की कळतं. मग घरात रडारड. कुणी गळ्यात मुळ्यांची माळ घालून यायचं, कुणी कावीळ उतरवून घेऊन यायचं. मी माळेला हात लावला नाही कधी. म्हणायचो, "माळ राहू दे, पण गोळीपण चालू दे. दोघींचं भांडण नाही."

जेवणखाण एकत्र केल्यानं ही कावीळ लागत नाही. हे मॅडम रोज सांगायच्या आणि लोक रोज विसरायचे. दहिवलीच्या एक आजी यायच्या. पिशवीत स्वतःचा पेला नि ताटली. सुनेनं भांडी वेगळी केली होती. आजी पाण्याच्या नळावरसुद्धा लोक जाईपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या. एक दिवस सून सोबत होती. चहावाला आला. आजींनी आपल्या पेल्यात चहा घेतला, दोन घोट प्यायल्या. मी तो पेला त्यांच्या हातातून घेतला आणि सुनेच्या देखत उरलेला चहा पिऊन टाकला. सून बघतच राहिली. आजी भडकल्या. "मेल्या, माझा चा का पिलास?" मला दुसरा चहा मागवून द्यावा लागला. पण पुढच्या खेपेला पिशवीत पेला नव्हता.

आता थकव्याकडे येतो, कारण लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

मी कामाला लागलो तेव्हा या आजाराला इंजेक्शन होतं. आठवड्याला एक, पोटाच्या कातडीत, आणि वर रोजच्या गोळ्या. कुणाला सहा महिने, कुणाला वर्षभर. ते इंजेक्शन माणसाला पार पिळून काढायचं. ताप, अंगदुखी, तोंडाची चव गेलेली, आणि मन तर असं उतरायचं की बोलायची सोय नाही. खालापूरचा एक टेंपोवाला होता, दारातून तिरका होऊनच आत येईल असा धिप्पाड. तो एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, नातवाचा फुगा फुटला नि मी रडलो. फुगा त्याचा, रडतोय मी. शेवटी त्या पोरानंच मला दुसरा फुगा आणून दिला." मी त्याला तसाच मॅडमपुढे उभा केला. मॅडमनी सांगितलं की हे इंजेक्शनमुळे होतंय, आणि त्याला त्यासाठी वेगळी गोळी लिहून दिली. बाहेर आला तो हसत. "मंग ठीक हाय. मला वाटलं डोकंच फिरलं." त्यानं इलाज पुरा केला. अजून टेंपो चालवतो आणि मला बघितलं की भोंगा वाजवतो.

मग नव्या गोळ्या आल्या. बारा आठवडे गोळी घ्यायची, इंजेक्शन नाही, बहुतेकांना त्रास नाही. गोळ्या संपल्यावर आणखी तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. तेव्हा विषाणू सापडला नाही तर तो गेला. किती मोठी गोष्ट! पण त्यात एक गोम झाली, ती मला फार उशिरा कळली. इंजेक्शनच्या वेळी कुणी दमलं तर सगळे म्हणायचे, बिचाऱ्याला इंजेक्शन चालू आहे. थकव्याला सांगायला जागा होती. गोळ्या सौम्य, रिपोर्ट चांगला, आणि तरी एखादा दमलेलाच राहिला तर तो कुणाचं नाव सांगणार?

आता माझी चूक सांगतो. मला इंग्रजी येत नाही. पण त्या रिपोर्टात मधल्या रकान्यात एक लांबलचक शब्द असायचा, डिटेक्टेड, आणि विषाणू गेला असेल तर त्याच्या आधी एक छोटा शब्द, नॉट. त्या छोट्या शब्दाची आकृती मी ओळखायला शिकलो. लॅबमधून पाकीट आलं की मी आधी बघायचो. नॉट दिसलं की टेबलावरची घंटा वाजवायचो आणि ओरडायचो, "नॉट आलं!" बाकावरची सगळी माणसं टाळ्या वाजवायची. एकदा एका भाजीवाल्यानं आनंदानं पेढे आणले. मी ते धरून ठेवलं. पुढच्यांना म्हणायला लागलो, "रिपोर्टाच्या दिवशी पेढे आणायचे, आमच्याकडं तशी पद्धत हाय." पद्धत कसली, मीच पाडलेली. पण रांगेतल्या नव्या पेशंटला धीर यायचा हेही खरं. मॅडम दोनदा म्हणाल्या, "मामा, रिपोर्ट आधी माझ्याकडे येऊ दे. तो पेशंटचा आहे, गावाचा नाही." मी हो म्हणायचो आणि घंटा वाजवायचो. माझा स्वभाव असाच.

बाळाराम हा कुंभिवलीचा. चाळिशीचा गडी, थोडी भातशेती, आणि मोहोपाड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. पहिल्यांदा आला तेव्हा माझ्याशीच भांडला. "मामा, तुमचा काटा दोन किलो जास्त दावतोय."

"काटा बरोबर हाय. तू जेवून आलास."

"जेवान दोन किलो असतं काय?"

"तुझ्याकडं बघून तसं वाटतं खरं."

अशी आमची ओळख. गोळ्या चालू झाल्या, रिकामी पाकिटं वेळेवर आणून दाखवायचा. पण हळूहळू बोलणं कमी होत गेलं. काट्यावर उभा राहायचा, आकडा न बघता उतरायचा. मी मनात म्हटलं, सरळ झाला. बघा, शिपायाचं डोकं.

रिपोर्टाच्या दिवशी तो आणि त्याची बायको सुगंधा दोघं आली. पेढ्यांचा पुडा तिच्या हातात. मी पाकीट उघडलं, नॉट बघितलं, घंटा हाणली. टाळ्या झाल्या. सुगंधानं बाकावरच्या सगळ्यांना पेढे वाटले, मी तीन खाल्ले. बाळाराम आत गेला, पाच मिनिटांत बाहेर आला. मॅडमनी तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं होतं, कारण लिव्हरला जी इजा झाली ती बघत राहावी लागते. ती तारीख आली आणि गेली. बाळाराम आला नाही.

त्यानंतर एका सोमवारी सुगंधा एकटीच आली. रांगेत बसली नाही, माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"मामा, रिपोर्ट खोटा पन येतो का?"

"का गं? काय झालं?"

"येत असंल तर बरं हुईल," ती म्हणाली. "मंग घरात सांगता तरी येईल. उठतात, चा पितात, परत पडतात. कामावर जाणं सोडलं. सासूबाई उठता-बसता बोलतात, आळशी झालाय, नुसतं सोंग हाय. ते उलटून काय पन बोलत नाय. परवा आपलं मासं धरायचं जाळं शेजारच्याला देऊन टाकलं. म्हनाले, मला नाय लागनार आता."

मी तिला नंबर नसताना आत घातली. बाहेर लोक ओरडले, ओरडू दिलं. जाळ्याचं ऐकलं तशी मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाल्या, "मामा, ओपीडी सुटली की यांच्यासोबत जा. त्याला स्पष्ट विचारा, जीव नकोसा होतो का. विचारल्यानं काही बिघडत नाही. त्याला एकट्याला ठेवायचं नाही, आणि उद्या सकाळी इथे आणायचं. उद्या पनवेलचे मानसोपचाराचे डॉक्टर येणार आहेत."

दुपारी आम्ही टमटमनं कुंभिवलीला गेलो. बाळाराम पडवीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची आई सुपात तांदूळ निवडत बसलेली. मला बघताच म्हणाली, "या मामा, बघा आमचा राजा! रोग गेला, पेढं वाटलं, आनी आता ह्यो असा. आमी तापात लावणी केली, आमाला कुनी खाट दिली नाय."

बाळाराम उठून बसला. एवढ्यानंच त्याला धाप लागल्यासारखं झालं. "राम राम, मामा."

"तारखेला का नाय आलास रं?"

"बरं हाय ना. मंग कशाला यायचं?"

"बरं हाय तर कामावर का नाय?"

त्यानं तोंड परत भिंतीकडे फिरवलं. मी चप्पल काढून पडवीत मांडी घातली. म्हटलं, "तू बोलशील तवा मी उठनार. घरी सुनेनं शेपूची भाजी केली हाय, मला जायची अजिबात घाई नाय." एक चहा झाला, दुसरा झाला. आई सूप घेऊन मागच्या दारी गेली. सुगंधा उंबऱ्यात बसून होती. मग तो जमिनीकडे बघत बोलायला लागला.

"मामा, दात घासून झालं का माझा दिवस संपतो. अंगात कुनी वाळू भरल्यावानी वाटतं. झोपून उठलो तरी तसंच. कुनी हसलं तरी तरास हुतो. कशात मन नाय."

"जीव नकोसा वाटतो?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. असं कुणी विचारेल असं त्याला वाटलं नसावं. "येतं मनात," म्हणाला. "रोज नाय. पन येतं."

सुगंधानं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "मंग हे मॅडमला का नाय सांगितलंस? त्या दिवशी आत गेला व्हतास ना?"

"कसं सांगू? त्या इचारत व्हत्या, थकवा वाटतो का, झोप लागते का. भायेर तुमी घंटा वाजवलेली. मानसं टाळ्या वाजवतायत, पेढं खातायत, ही आनंदानं रडतेय. मी म्हटलं, बेस हाय मॅडम. घरी येऊन गावात पेढं वाटलं. आता परत येऊन काय सांगू मामा? ते पेढं फुकट गेलं म्हनून?"

मी आधी माझीच बाजू घेतली. म्हटलं, पेढे आनंदाचे होते, त्यांनी कुणाचं तोंड बंद होत नाही. त्यानं नुसती मान डोलावली. पूर्वीचा बाळाराम असता तर माझ्याशी तासभर भांडला असता. त्या डोलावलेल्या मानेनं मला गप्प केलं. मला माफी मागायची सवय नाही. बायको जिवंत असताना तिचीसुद्धा मागितली नाही, त्याचं आता वाईट वाटतं. शेवटी एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी ये. तुझे पेढे मी परत करतो."

"काय?"

"परत करतो म्हटलं ना. पेढे परत मिळाले का तू मोकळा. मंग बोलायला काय अडचण?"

तो माझ्याकडे येड्याकडे बघावं तसा बघत राहिला. त्या रात्री सुगंधा आणि तिचा भाऊ त्याच्या जवळच राहिले, त्याला क्षणभरही एकटं सोडलं नाही.

मंगळवारी सकाळी कर्जतच्या बाजारातून मी अर्धा किलो पेढे घेतले. ओपीडीत बाक भरलेले होते. बाळाराम येऊन बसला तसा मी घंटा वाजवली. सवयीनं दोघातिघांनी टाळ्या सुरू केल्या. मी हात वर केला.

"टाळ्या नकोत," म्हटलं. "ह्या माणसानं रिपोर्ट चांगला आला म्हनून पेढे वाटले व्हते. मीच वाटायला लावले. रिपोर्ट चांगलाच हाय. पन माणूस अजून बरा नाय, आनी माझ्या घंटेपायी त्याला ते सांगता आलं नाय. घाई माझी झाली. तवा हे त्याचे पेढे परत." आणि पुडा त्याच्या मांडीवर ठेवला.

बाळारामानं पुडा हातात घेऊन वरखाली केला.

"मामा," तो म्हणाला, "वजन कमी वाटतंय."

आधी सुगंधा हसली. मग सगळा बाक हसला. मी म्हटलं, "चल, काट्यावर ठेव," आणि खरंच ठेवला. तेवढ्यात कोपऱ्यातून पिशवी आवळून बसलेली एक बाई उठली. तिचा रिपोर्ट वर्षापूर्वीच नॉट आला होता, तीही पेढे वाटून गेली होती. आज शाळेत द्यायला दाखला हवा म्हणून आली होती. म्हणाली, "मामा, मला पन सांगायचंय. माझं पन तसंच हाय." तिच्या मागे एक रिक्षावाला उभा राहिला. म्हणाला, "माझे पेढे नको परत, मला डायबेटीस हाय. पन माझा पन नंबर लावा."

त्या दिवशी मॅडमची ओपीडी दोन तास उशिरा सुटली. मला काय समजलं ते माझ्या शब्दांत सांगतो. विषाणू गेला हे खरंच असतं. पुष्कळांचा थकवा त्याच्याबरोबर जातो, काहींचा मागे रेंगाळतो. कधी त्याचं कारण दुसरंच निघतं, रक्त कमी असतं, थायरॉईड असतं, म्हणून ते तपासायचं. आणि मन खचणं हा स्वतंत्र आजार आहे. त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत, आणि तो लाजेनं झाकायचा नसतो. पनवेलच्या डॉक्टरांनी बाळारामाशी तासभर बोलून औषध दिलं, दर आठवड्याला बोलावलं. काम थोडं थोडं वाढवायचं, दुपारी ठरवून झोपायचं, बाकी वेळ पडून राहायचं नाही, असं बांधून दिलं. त्याच्या आईलाही बोलावलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "मंग तो आळशी नाय?" मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आजी, आळशी माणसं मी आयुष्यभर बघितली. आळशाला लाज वाटत नाय. याला वाटत व्हती, म्हनून तर आजार एवढा वाढला."

मी घंटा बंद केली. जुनं रजिस्टर काढलं आणि ज्यांनी ज्यांनी पेढे वाटले होते त्यांना मॅडमच्या परवानगीनं फोन लावले. बहुतेक ठणठणीत निघाले. एकानं तर विचारलं, "मामा, पेढे संपले काय?" चारपाच जण मात्र परत आले. एका नंबरवर कधीच कुणी उचललं नाही. मी निवृत्त होईपर्यंत अधूनमधून लावत राहिलो. तो माणूस बरा असेल असं मी धरून चालतो, पण धरून चालणं म्हणजे माहीत असणं नव्हे.

पेढ्यांची पद्धत काही बंद पडली नाही, लोक आणतातच. पण माझ्या वेळी शेवटी शेवटी नियम असा होता की आधी आत जायचं, मॅडमना सगळं खरं सांगायचं, पुडा बाहेर माझ्या टेबलावर बंद राहील. मॅडम म्हणाल्या, हे पहिल्यापासून करायला हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंच नाही." सांगितलं होतं, दोनदा. पण मान्य करायलाही काळवेळ असते.

निवृत्त झाल्यावर या पावसाळ्याआधी एकदा कुंभिवलीला गेलो. बाळाराम पूर्ण पूर्वीसारखा झाला असं म्हणणार नाही. कंपनीत अर्ध्या पाळीचं काम करतो, दुपारी झोपतो, वाईट दिवस आला तर सुगंधाला सांगतो आणि डॉक्टरांकडे जातो. मी पोचलो तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. आई अंगणात बसली होती. मी तोंड उघडणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मामा. झोपलाय. चारला उठंल, मंग बोला काय ते."

मी आंब्याच्या सावलीत बसलो. पाण्याचा तांब्यासुद्धा तिनं आवाज न करता ठेवला. एवढ्यात गल्लीत एक विटांचा टेंपो आला आणि त्यानं पुढच्या गायीला बाजूला करायला भोंगा लावला. म्हातारी कमरेवर हात देऊन उठली, थेट टेंपोपुढे जाऊन उभी राहिली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "भोंगा बंद कर रं मेल्या! माझा पोरगा झोपलाय, त्याला डाक्टरनं झोपायला सांगितलंय!"

भोंगा बंद झाला. पडवीतून डोळे चोळत बाळाराम बाहेर आला.

"आय, त्याच्या भोंग्यानं नाय उठलो गं मी," तो म्हणाला. "तुझ्यानं उठलो."

आणि दोघं भांडायला लागली.